मार्शकोटचे मास्तर

आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलांना मालवणला जायची वाट धड सांगता आली नसती. पण इंग्लंडातल्या मार्शकोट नावाच्या खेड्यात चर्चपासून पिठाच्या चक्कीपर्यंत कसं जायचं, मधे ओढा लागतो त्यावरचा पूल कुठल्या दगडाचा, आणि चक्कीवाल्याचं लोहाराशी कशावरून वाजलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ती घडाघडा सांगत. मला ह्याचा भयंकर संताप यायचा. इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. पुस्तकात नसलेलं, परीक्षेत नसलेलं, नकाशात शोधूनही न सापडणारं हे गाव आमच्या दोन शिक्षकांच्या शाळेत येऊन बसलं होतं, आणि त्याला आणणारे होते आमचे हेडमास्तर. मी जामसंड्याची, नोकरीला नवी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की मास्तर, हे काय चाललंय? ते म्हणाले, "बाई, भूगोल चाललाय."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गावात त्यांचा विषय निघाला की लोक अजून हसतात. "वेडो मास्तर," म्हणतात, आणि सुपारी कातरायला लागतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या लग्नाचं आमंत्रण यायचं नाही एवढंच, त्याची मला पर्वा नाही. पण ज्यांच्याविषयी सांगायचं त्यातली बरीच माणसं देवाघरी गेली आहेत आणि उरलेली लाजणारी नाहीत, मग नाव घेऊन उपयोग काय!

मास्तर दोडामार्गाकडचे. उंच, वाळके, आणि वैशाखातसुद्धा अंगात काळा कोट. युद्धाच्या काळात ते मुंबईला गोदीत कारकुनी करत होते. तिथं फुटपाथवरच्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. मार्शकोटच्या पाद्र्यानं जन्मभर खपून आपल्या गावाचा इतिहास आणि भूगोल लिहिला होता. शे-दोनशे वस्तीचं गाव. तिथं कुणी राजा जन्मला नाही, लढाई झाली नाही. तरी त्या पाद्र्यानं प्रत्येक शेताचं नाव, प्रत्येक पायवाट, ओढ्याला कधी पूर आला, चर्चची घंटा कशी तडकली, सगळं लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी ते पुस्तक इतक्यांदा वाचलं होतं की त्याची पानं पापडासारखी झाली होती. गोदी सोडून ते मास्तर झाले ते ह्या पुस्तकापायी, असं ते सांगत. मला ते खरं वाटतं.

शाळेच्या पडवीत उभं राहून ते आमच्या उन्हाकडे बघत आणि म्हणत, "मार्शकोटात आता बर्फ वितळायला लागला असेल." मुलं मान डोलवत. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या चंद्राकाकी मासे विकायच्या. टोपली घेऊन शाळेवरून जाताना त्या मुद्दाम थांबत.

"मास्तरानु, कोट म्हणजे किल्लो मां? विजयदुर्गाच्या अंगाक आसा काय ह्यो तुमचो कोट?"

"इंग्लंडात आहे, काकी."

"थयसर बांगडो गावता?"

"समुद्र लांब आहे तिथून. मासे नाहीत."

"बांगडो नाय? मगे खातत काय ते, माती?" आणि चंद्राकाकी कीव आल्यासारखा चेहरा करून दोन बांगडे जास्तीचे टाकत.

एकदा तपासनीस आले. त्यांनी एका मुलीला विचारलं, तुझ्या गावाच्या पूर्वेला काय आहे? पोरगी हुशार. तिनं विचारलं, "कुठच्या गावाच्या? ह्या का त्या?" साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मास्तरांना जे बोलणं बसलं ते मी शेजारच्या वर्गात उभी राहून ऐकलं. देशद्रोहापासून सुरुवात होऊन ते इंग्रजांच्या जोड्यांपर्यंत गेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, इंग्रज गेले ते बरंच झालं. पण गाव लिहायचं कसं एवढं त्यांच्याकडून ठेवून घेऊ. ह्या मुलांच्या गावाचं पुस्तक मला द्या, मी उद्यापासून तेच शिकवतो." साहेबांकडे असलं पुस्तक कुठून असणार! त्यांनी शेऱ्यात काय लिहायचं ते लिहिलं आणि शहाळं पिऊन निघून गेले.

त्या दिवशी माझ्या रागानं पहिल्यांदा कूस बदलली. तोवर मला वाटत होतं, हा माणूस मार्शकोटच्या प्रेमात पडलाय. तसं नव्हतंच. मार्शकोटवर ते मनस्वी चिडलेले असत. त्या गावाला एक माळ होता, सगळ्यांचा. कुणाचीही गाय, कुणाचीही बदकं तिथं चरत. मग तिथल्या जमीनदारानं तो माळ आपल्या नावावर करून घेतला. कागद रीतसर चर्चच्या दारावर चिकटवला होता म्हणे, आणि वाचता येत होतं कुणाला? कुंपण पडलं. एक म्हातारी मात्र रोज कुंपणाला भोक पाडून आपली बदकं आत न्यायची, दंड भरायची आणि परत न्यायची. हा धडा शिकवताना मास्तरांचा आवाज चिरकत असे. "आणि ह्या पाद्र्यानं," ते पुस्तक हवेत हलवत, "जमीनदाराच्या शिकारी कुत्र्याचं नाव लिहिलंय! म्हातारीचं नाही लिहिलं! कुत्र्याचं नाव आहे, म्हातारीचं नाही!" मुलं हसत. मास्तर हसत नसत.

त्याच पुस्तकातून त्यांनी शीम, म्हणजे गावाची हद्द, फिरायची टूम काढली. मार्शकोटात वर्षातून एकदा सगळा गाव हद्दीवरून चालत जायचा, आणि हद्दीचा दगड आला की एखाद्या पोराला उचलून त्यावर आपटायचे, म्हणजे जन्मभर ती जागा त्याच्या लक्षात राहावी. नंतर पोराला गोड खाऊ. मास्तरांनी हे आमच्याकडे चालू केलं. दिवाळीनंतर एका सकाळी शाळेची वरात निघाली. खाडीच्या कडेनं, बांधांवरून, मग वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर. शिमेचा धोंडा आला की मास्तर एका मुलाला बगलेत धरून उचलत, त्याचं बूड धोंड्यावर टेकवत, आणि खिशातून खाजं काढून त्याच्या हातावर ठेवत. खाज्याच्या आशेनं मुलं पुन्हा रांगेत उभी राहायची. दुसऱ्या दिवशी एकाचा बाप शाळेत हजर.

"माझ्या झिलाक धोंड्यार आपटल्यात? कित्याक?"

"म्हातारा होईपर्यंत तो धोंडा आता विसरायचा नाही," मास्तर म्हणाले.

"विसारलो तर काय पावस पडाचो रवतलो?"

"नाही. पण जमीन जाईल."

बाप हात उडवून गेला. जमीन जाईल! सड्यावरची कातळाची जमीन न्यायची कुणी आणि कशाला? तेव्हा सगळे असंच म्हणाले.

मास्तरांना आमच्या गावाचं तसंच पुस्तक करायचं होतं आणि त्यासाठी आधी नकाशा हवा होता. पण आमच्या गावात मोजणी करून दाखवावी कुणीतरी! मास्तरांनी दोरी टाकली की घराघरातून माणसं बाहेर. दोन भावांच्या मधल्या बांधावर त्यांनी खुंटी ठोकली, तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे भाऊ एकदम कोयते घेऊन त्यांच्यावर धावले. माडाखालच्या हातभर जागेसाठी इथं आजोबांपासूनचे दावे कोर्टात पडून. मोजलं तर कुणाचं तरी कमी भरणार, म्हणून कुणालाच मोजायला नको. मास्तर दोरी गुंडाळून परत यायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हा गाव रिकामा असल्याशिवाय मोजता यायचा नाही." मी हसायची. मला वाटलं, वैतागून बोलताहेत.

आता गावपळण म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या बाजूच्या काही गावांत तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात आणि देवानं हुकूम दिला की सगळा गाव घरं सोडून शिमेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. तीन दिवस गावात जिवंत माणूस राहायचा नाही. गाव देवाचा. शिमेपलीकडे झापांच्या खोपी घालतात, रांधतात, गातात, पोरं हुंदडतात. पुन्हा कौल लावायचा आणि देव हो म्हणाला की घरी परतायचं. सड्यावर शिमेचा धोंडा ओलांडून पलीकडच्या उताराखाली खोपी पडत, तिथून सडाही दिसत नसे. आम्ही मास्तर लोक परगावचे, तरी नेम सगळ्यांना सारखाच.

त्या वर्षी देवानं हुकूम दिला. देवळातली नौबत वाजली आणि गाव निघाला. मी चंद्राकाकींच्या बरोबर होते. एका हातात त्यांची कोंबडी, दुसऱ्या हातात मडकं. मास्तर मला म्हणाले होते, शाळा बंदच आहे, तर दोडामार्गाला घरी जाऊन येतो. माझा विश्वास बसला. ते तीन दिवस मजेत गेले हे मी नाकबूल करत नाही. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार अण्णा ह्यांनी तर सबंध खोपींना गूळपोहे वाटले. आम्ही ते खाल्ले. ते खाल्ल्याचा मला अजून संताप येतो.

कारण चौथ्या दिवशी सकाळी कौल मिळून गाव परतला तेव्हा सड्यावर गडगा उभा होता. जांभ्या दगडाचं रचलेलं कुंपण, छातीइतकं उंच. खालच्या शेतांपासून शिमेच्या धोंड्यापर्यंतचा सगळा सडा, जिथं पावसाळ्यात गावाची गुरं चरायची, तो आत गेला होता. अण्णांनी तिथं चिरे आधीच रचून ठेवले होते, आम्ही समजत होतो घर वाढवताहेत. त्या सड्यावर आपली आज्यापासूनची वहिवाट आहे असं अण्णा बोलता बोलता सांगत असत, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. हापूसची कलमं लावायची तर गुरं नकोत, एवढा साधा हिशोब. गुरं गडग्याला तोंड लावून उभी राहिली. बायका कुजबुजल्या. आणि पुरुष? पुरुषांनी गुरांना दांडकी मारून वळसा घातला आणि सगळे देवळाकडे चालू लागले. कुणी एक शब्द काढला नाही. काढणार कसा? निम्मा गाव अण्णांची शेतं करत होता आणि उरलेल्या निम्म्याचे मुलगे मुंबईला अण्णांच्या चिठ्ठीवर नोकरीला लागले होते. शिवाय गडगा बांधला असं म्हणायचं तर गावपळणीत गावात माणसं होती असं कबूल करायला हवं, आणि ते पाप कोण तोंडावर आणणार! किती व्यवस्थित जमवलं होतं त्या माणसानं. मला वाटतं, देवाच्या नेमाचा इतका चोख उपयोग त्या गावात दुसऱ्या कुणी केला नसेल.

देवळात सगळे जमले. बायका नेहमीप्रमाणे बाहेर पायऱ्यांजवळ. गाऱ्हाणं घालायचं होतं. तात्या म्हणून वयस्कर मानकरी होते, ते नारळ घेऊन पुढं झाले. एवढ्यात माडांमधून काळा कोट येताना दिसला. कोटाला चिखल, हातात दोरीचं भेंडोळं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मी तीन दिवस गावात होतो. नकाशा करायला राहिलो होतो. देवाचा नेम मी मोडला, त्याची काय शिक्षा असेल ती घेतो. पण गडगा बांधताना मी पाहिलंय. शेजारच्या गावचे गडी होते आणि अण्णांचे कारभारी त्यांच्या डोक्यावर उभे होते. मी त्यांना अडवलं, तर मला ढकलून दिलं."

सगळी तोंडं अण्णांकडे वळली. अण्णा जराही हलले नाहीत.

"मास्तर, तुमका शीम म्हायत नाय," ते गोड आवाजात म्हणाले. "ती जागा शिमेभायली. थंय कोण गेलो तर देवाचो नेम मोडना नाय."

मास्तरांचे डोळे चमकले. ह्याच वाक्याची वाट बघत असावेत.

"अण्णा, जागा शिमेबाहेर असेल तर ती शेजारच्या गावाची. तुमच्या आज्यापासून ती ह्या गावातली तुमची वहिवाट आहे म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगत आलात, ते खोटं. आणि शिमेच्या आत असेल तर तुमच्या माणसांनी देवाचा नेम मोडला. दोन्हीतलं कुठलं ते देवासमोर सांगा."

अण्णा खांबाला टेकून बसले. इतकं सरळ होतं ते! लहान मुलाला कळलं असतं. आणि कळलंच होतं, कारण शिमेच्या धोंड्यावर बूड टेकवून आलेली सगळी पोरं तिथं उभी होती. पुरुषांनासुद्धा कळलं. मी त्यांचे चेहरे बघत होते. प्रत्येकाला कळलं आणि प्रत्येकानं मान खाली घातली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण मास्तर गावात रवलेच कशे?" बस्स. बांध फुटला. देवाचो मोड केल्यान, आता गावार काय तरी येतला, परगावचो माणूस, इंग्रजांचो चेलो. अण्णांकडे रोखलेली नजर सुटली याचा सगळ्यांना इतका आनंद झाला की जो तो ओरडायला लागला. ज्या माणसानं गावाची जमीन गिळली तो खांबाला टेकून बसलेला, आणि ज्यानं ते सांगितलं त्याच्या अंगावर सगळे धावताहेत!

शेवटी तात्यांनी सगळ्यांना गप्प केलं. मास्तर आपला माणूस नाही, नेम त्याला ठाऊक नव्हता, तेव्हा गाऱ्हाणं घालून देवाकडे माफी मागू, असं ठरलं. गाऱ्हाण्यात मानकरी एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेले सगळे एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांचा होकार पडला की नारळ फुटतो. तात्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो गाव तुझ्या पायाकडे परत इलो आसा."

"होय म्हाराजा!"

"ह्या परगावच्या मास्तराकडसून न कळतां चूक झाली आसा, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या मास्तरान गावात काय एक बगलेला नाय, तेका नुसतो भास झालो..."

"नाय म्हाराजा," मास्तर म्हणाले.

मोठ्यानं नाही, वर्गात मुलाची चूक दुरुस्त करावी तसे. पण गाऱ्हाण्यात "नाय" म्हटल्याचं त्या देवळात कुणी ऐकलेलं नव्हतं. तात्यांचे हात वरच्या वर राहिले. अण्णा म्हणाले, "फोड रे तात्या." तात्या घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "एकाचो नाय इलो, अण्णानु. नारळ कसो फोडू?" आणि त्यांनी नारळ तसाच देवापुढं ठेवून दिला.

त्यानंतरचे महिने कसे काढले ते आम्हा दोघांनाच ठाऊक. कुणाची गाय मेली, मास्तर. कुणाचं जाळं फाटलं, मास्तर. चंद्राकाकींच्या होडीला खडक लागला तेव्हा त्यासुद्धा मला म्हणाल्या, "बाय, तो नारळ तसोच पडलो हा मां, म्हणान ह्या सगळा." मी त्यांना म्हटलं, "काकी, गडगाही तसाच उभा आहे ना?" त्या टोपली उचलून निघाल्या. मास्तरांना दुकानात गूळ मिळेना, न्हावी घरी येईना. ते रोज वेळेवर शाळेत येत, नकाशा काढत बसत. तो अर्धाच झाला होता. तिसरा सगळा दिवस गड्यांशी भांडण्यात गेला होता ना. मी एकदा सुचवलं, की मास्तर, म्हणून टाका एकदा "होय". ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मग मी पोरांना कशाला आपटलं हो?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

मग वर अर्ज गेला, सह्यांसकट, आणि बदली आली. आंबोलीच्या बाजूला, जिथं पावसाळाभर कपडे वाळत नाहीत आणि वही उघडली तर बुरशी. मास्तर एस.टी.त बसले तेव्हा पोचवायला मी एकटी होते. मार्शकोटचं पुस्तक कापडात बांधून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. "सड्याचा भाग पूर्ण झालाय," ते म्हणाले, "ओहोळाकडचा राहिला." गाडी सुटली. नकाशा त्यांनी वर्गातल्या भिंतीवर लावून ठेवला होता. शाळा कमिटीत अण्णा होतेच. तो चुकीचा आहे असं ठरून आठवड्याच्या आत खाली उतरला, त्याचं काय केलं ते मला कुणी सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी राहिलेलं गाऱ्हाणं पुरं करायचं ठरलं. सगळा गाव आला. अण्णा धोतर नेसून पुढंच होते. मी पायऱ्यांजवळ बायकांत उभी होते. तात्यांनी नवा नारळ घेतला, सुरुवातीपासून सगळं म्हटलं, आणि त्या वाक्याशी आले.

"त्या मास्तरान गावात काय एक बगलेला नाय..."

"नाय म्हाराजा!" मी म्हणाले. जितकं ओरडता येईल तितकं ओरडून म्हणाले. चंद्राकाकींनी माझा दंड धरला. पहिल्या रांगेतल्या एक-दोघांनी मागं वळून पाहिलं. तात्यांनीही पाहिलं, माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. मग ते पुरुषांकडे वळले आणि थांबले.

"होय म्हाराजा!" पुरुष म्हणाले.

आणि नारळ फुटला. बायकांच्या बाजूनं आलेला शब्द गाऱ्हाण्यात धरत नाहीत, हे मला चंद्राकाकींनी तिथंच कानात सांगितलं. होकारही धरत नाहीत म्हणाल्या, मग नकार कसला धरतात!

तात्या प्रसाद वाटत बाहेर आले. माझ्या हातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी तो पायरीवर ठेवला आणि निघाले.

"बाये, परसाद टाकून खंय चललंय?" तात्यांनी विचारलं.

"गडगो पडात त्या दिवशी खाईन," मी म्हटलं.

त्या गावात मी पुढं कितीतरी वर्षं काढली. अण्णांचे नातू आता तिथला हापूस पेट्या भरभरून पाठवतात. गावपळणीला गाव निघतो तो गडग्याला वळसा घालून जातो. गडगा अजून उभा आहे, आणि त्या देवळातलं खोबरं मी अजून खाल्लेलं नाही.